पाळणाघरातील सर्दी आणि अँटिबायोटिकची घाई

पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईतील बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक ठरावीक संवाद दिवसातून अनेकदा घडतो. दीड-दोन वर्षांचे मूल आईच्या खांद्यावर असते. नाक वाहत असते, रात्री खोकल्याने झोपमोड झालेली असते, अंग किंचित कोमट असते; पण मूल हसत असते, खुर्चीवर चढू पाहत असते, टेबलावरचे पेन ओढत असते. डॉक्टर छाती, कान, घसा तपासून सांगतात, "साधी सर्दी आहे. चार दिवस जाऊ द्या, आपोआप उतरेल." आई क्षणभर घुटमळते आणि म्हणते, "डॉक्टर, अँटिबायोटिक लिहून देता का? पाळणाघराच्या ताई म्हणाल्या, औषध सुरू केल्याशिवाय उद्या आणू नका."

ही मागणी मुलाच्या आजाराविषयी कमी आणि आईच्या रजेच्या हिशेबाविषयी अधिक बोलते. तिला उतावीळ किंवा अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. पूर्वी दुकान खाली आणि घर वर अशी रचना असलेल्या कुटुंबात आजारी नातवंडाला सांभाळायला आजी असे, काकू असे, शेजारच्या वाड्यातील कोणी तरी असे. सांगली, जयसिंगपूर, सोलापूर येथील घरांतून शिकून पुण्यात नोकरीला आलेल्या जोडप्याजवळ यांपैकी कोणीच नसते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. केंद्र सरकारच्या सेवेतील महिलांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा घेता येते. खासगी नोकरीत मात्र मूल आजारी पडल्यास वेगळी रजा क्वचितच असते. सातव्या महिन्यात बाळ पाळणाघरात जाते, पहिल्या पंधरवड्यातच सर्दी घेऊन घरी येते आणि आईच्या हक्काच्या रजा दिवाळीपूर्वीच संपतात. अशा वेळी औषधाची बाटली म्हणजे पाळणाघराच्या दारातून आत जाण्याचा परवाना वाटू लागते.

पाळणाघरात जाणारे मूल वारंवार आजारी का पडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे स्वाभाविक मानले जाते. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात हा आकडा दहा-बारापर्यंत जाऊ शकतो. सर्दी घडवून आणणारे विषाणू एक-दोन नव्हेत. त्यांतील केवळ ऱ्हायनोव्हायरस या एका गटाचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत. प्रत्येक प्रकाराशी शरीराची ओळख स्वतंत्रपणे व्हावी लागते. एक सर्दी सात ते दहा दिवस चालते आणि तिच्यामागून येणारा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हा हिशेब मांडला की ध्यानात येते, पावसाळा-हिवाळ्यात एक खोकला संपण्याआधीच दुसरी सर्दी सुरू होते. पालकांना वाटते, मूल जूनपासून बरे झालेलेच नाही. वस्तुतः ते पाच वेळा बरे झालेले असते आणि सहाव्यांदा आजारी पडलेले असते. "याची प्रतिकारशक्तीच कमी आहे" हा निष्कर्ष येथूनच निघतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. अमेरिकेतील टूसॉन शहरात जन्मापासून तेरा वर्षांपर्यंत मुलांचा मागोवा घेणाऱ्या एका दीर्घ अभ्यासात असे दिसले की मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी अधिक झाली, परंतु शाळेच्या वयात, सहा ते अकरा वर्षांच्या काळात, घरीच राहिलेल्या मुलांपेक्षा कमी झाली. जी ओळख पुढे शाळेत व्हायची, ती पाळणाघरात आधी होऊन जाते. बालवर्गाच्या पहिल्या वर्षी घरोघरी जे खोकले ऐकू येतात, ते पाळणाघराच्या मुलांनी बरेचसे आधीच भोगलेले असतात.

आता अँटिबायोटिकविषयी. मराठीत त्यास प्रतिजैविक म्हणतात. हे औषध जिवाणूंवर काम करते. विषाणूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. सर्दी, साधा खोकला, बहुतेक घसादुखी आणि फ्लू हे विषाणूंचे आजार होत. त्यांत अँटिबायोटिकने ताप लवकर उतरत नाही की खोकला लवकर थांबत नाही. इतके साधे सत्य असूनही समज टिकून राहतो, याचे कारण अनुभव आहे; आणि अनुभवाने शिकवलेली चूक सर्वांत चिवट असते. सर्दीचा तिसरा-चौथा दिवस सर्वांत त्रासाचा असतो. त्याच दिवशी पालक दवाखान्यात जातात, औषध सुरू होते आणि दोन दिवसांत मूल सावरते. ते औषधाविनाही त्याच दिवशी सावरले असते, पण श्रेय बाटलीला मिळते. पुढच्या सर्दीला तीच बाटली आठवते.

दुसरा समज शेंबडाच्या रंगाचा. नाकातील पाणी घट्ट आणि हिरवट-पिवळे झाले की "इन्फेक्शन वाढले" असे म्हणतात. प्रत्यक्षात शरीराच्या संरक्षक पेशी कामाला लागल्याने हा रंग येतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतोच. पाळणाघरांत मात्र याच रंगावरून मुलाला परत पाठवले जाते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाळणाघरांसाठी केलेल्या मार्गदर्शनात स्पष्टच म्हटले आहे की शेंबडाचा रंग कोणताही असो, केवळ सर्दीसाठी मुलाला घरी ठेवण्याची गरज नाही. मूल खेळात भाग घेऊ शकत नसेल, तापासोबत मलूल झाले असेल किंवा त्याला इतकी काळजी लागत असेल की इतर मुलांकडे लक्ष देणे अशक्य व्हावे, तर घरी ठेवावे. या कसोटीत तर्क आहे. सर्दीचा विषाणू सर्वाधिक पसरतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि बऱ्याचदा लक्षणे नीट दिसण्याआधीच. आठव्या दिवशी उरलेल्या खोकल्यासाठी मुलाला दारातून परत पाठवल्याने इतर मुलांचे रक्षण होत नाही. ज्या दिवशी विषाणू वाटला गेला, त्या दिवशी ते मूल सर्वांसोबत एकाच चटईवर खेळत होते.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचीही बाजू आहे आणि ती हलकी नाही. दोन खोल्यांत दहा-बारा मुले, मदतीला एक मावशी. एका मुलाचे नाक वाहताना दिसले की दुसऱ्या मुलाची आई फोन करते, "अहो ताई, तुम्ही आजारी मुलांना कसे घेता?" ताईंना सर्वांनाच राजी राखायचे असते. "औषध सुरू आहे" हे उत्तर दोन्ही आयांना पटते, म्हणून तोच नियम होतो. परंतु विषाणूजन्य सर्दीत अँटिबायोटिकमुळे संसर्ग पसरणे थांबत नाही. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूने होणाऱ्या घसादुखीत औषध सुरू झाल्यावर किमान बारा तास मुलाला घरी ठेवावे हा नियम योग्य आहे. त्या विशिष्ट आजाराचा नियम प्रत्येक वाहत्या नाकाला लावला गेला, हे दुर्दैव. शिवाय तीन वर्षांखालील मुलांत हा घशाचा आजार विरळाच आढळतो.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक गैरसमज काम करतो. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे नेमके दाखवले. विषाणूजन्य आजार असलेल्या मुलांच्या बाबतीत, पालकांना अँटिबायोटिक हवे आहे असे डॉक्टरांना वाटले तेव्हा त्यांनी ते ६२ टक्के वेळा लिहून दिले. तसे वाटले नाही तेव्हा केवळ ७ टक्के वेळा. निर्णय पालकांच्या मनातील इच्छेवर नव्हे, तर त्या इच्छेविषयी डॉक्टरांनी केलेल्या तर्कावर झुलत होता. भारतात तर एका सकाळी चाळीस-पन्नास मुले तपासणाऱ्या डॉक्टरांना समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात आणि लिहून देण्यास पाच सेकंद. म्हणून ज्या पालकांना औषध नको आहे त्यांनी ते तोंडाने सांगावे, हे फार महत्त्वाचे ठरते. "गरज नसेल तर अँटिबायोटिक नको डॉक्टर, पण कोणती लक्षणे दिसली तर परत आणू ते सांगा" एवढे एक वाक्य खोलीतील सारा तणाव उतरवते. गप्प बसलेले पालक नाराज आहेत असे डॉक्टरांना वाटते आणि डॉक्टरांनी लिहिले म्हणजे गरज असणारच असे पालकांना वाटते. दोघांच्या सौजन्यातून मुलाच्या पोटात एक अनावश्यक औषध जाते.

ते औषध निरुपद्रवी असते तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. जुलाब, पोटदुखी आणि अंगावर पुरळ हे त्याचे नेहमीचे उपद्रव. आतड्यांतील उपकारक जिवाणूही त्याबरोबर मारले जातात. दूरचा धोका याहून मोठा आहे. "मुलाला औषधाची सवय लागते" असे बोलण्याची पद्धत आहे, ती किंचित फसवी आहे. सवय मुलाला लागत नाही. त्याच्या नाकात, घशात, आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंपैकी जे त्या औषधाला दाद देत नाहीत तेवढे टिकतात आणि वाढतात. न्यूमोनिया घडवून आणणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू अनेक निरोगी लहान मुलांच्या नाकात काही न करता राहत असतो. पाळणाघरात तो खेळण्यांवरून, हातांवरून, रुमालावरून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. एका मुलाला वारंवार दिलेल्या औषधाने निवडलेला हट्टी जिवाणू अशा प्रकारे ज्या मुलाने कधीच अँटिबायोटिक घेतले नाही त्याच्याही नाकात जाऊन बसू शकतो. त्या दुसऱ्या मुलाला पुढे खरोखर न्यूमोनिया झाला, तर पहिल्या पसंतीचे औषध चालेनासे होते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल भाषणातच अपुऱ्या आणि बेफिकीर वापराने जिवाणू निर्ढावतील, असा इशारा दिला होता.

जैन गृहस्थाला ही गोष्ट समजण्यास नवी परिभाषा लागत नाही. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण सांगितले आहे: ज्यातून कोणतेही प्रयोजन साधत नाही अशा हिंसेपासून दूर राहणे. संसारात राहून सर्व हिंसा टळत नाही, हे शास्त्रकारांनी ओळखले होते. म्हणून आजारी मुलाचे प्राण वाचवण्यासाठी घेतलेले औषध आणि केवळ घाईपोटी दिलेले औषध यांत त्यांच्या दृष्टीने अंतर पडते. साध्या सर्दीत अँटिबायोटिक देणे यात प्रयोजन शून्य आणि जिवांचा घात मात्र अगणित. त्यातही प्रमादचर्या, म्हणजे विचार न करता सहज केलेली कृती, हा अनर्थदंडाचाच एक प्रकार मानला आहे. अर्थात याचा उलटा अर्थ काढून आवश्यक औषधही नाकारणे हा विवेक नव्हे, आणि तसा अर्थ काढणारे अधूनमधून भेटतात म्हणून पुढील भाग थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे.

अँटिबायोटिक खरोखर लागते असे आजार लहान मुलांना होतात, आणि तेव्हा उशीर घातक ठरतो. न्यूमोनिया ओळखण्याची सर्वांत सोपी खूण घरीच पाहता येते. मूल शांत असताना किंवा झोपले असताना त्याचे पोट-छाती पूर्ण एक मिनिट पाहून श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास असतील, तर ते जलद मानावेत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काही पीत नसेल, सारखे ओकत असेल, जागे करूनही जागत नसेल, आकडी आली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तरी घरगुती उपाय न करता तपासणीस न्यावे. लघवीच्या जागेचा जिवाणू संसर्ग आणि रक्त पडणारी हगवण यांतही औषध लागू शकते. कानदुखीत मात्र वय आणि तीव्रता पाहून, मूल दोन वर्षांपेक्षा मोठे असेल आणि त्रास सौम्य असेल तर, वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवण्याचा मार्ग डॉक्टर सुचवू शकतात. सुचवला तर तो हलगर्जीपणा समजू नये.

सर्दीच्या दिवसांत घरी काय करावे, हा प्रश्न जैन घरांत थोडा वेगळा असतो. खोकल्यासाठी सर्वत्र मध सुचवला जातो. मधाचा त्याग असलेल्या घरांना तो चालत नाही आणि एक वर्षाखालील बाळाला तर तो कोणत्याही घरात देऊ नये, कारण त्यातून एक दुर्मीळ पण गंभीर विषबाधा होऊ शकते. आले कंदमूळ म्हणून वर्ज्य असते, तेथे सुंठ चालते. मोठ्या मुलाला कोमट पाण्यात चिमूटभर सुंठ आणि गूळ आवडतो. तरीही लहान बाळाचा मुख्य आधार म्हणजे स्तनपान आणि थोडे थोडे कोमट पातळ पदार्थ. नाक चोंदले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मीठ-पाण्याचे थेंब दूध पाजण्यापूर्वी नाकात घालावेत. मूल दूध घेईनासे झाले असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच घेऊ लागते. ताप असल्यास पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यावे. आजीच्या पोटलीतील ओवा निरुपद्रवी, पण कापूर लहान मुलांच्या जवळ ठेवू नये. चुकून पोटात गेल्यास आकडी येऊ शकते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला धरून वाफ देण्याचा हट्टही सोडावा. त्याने भाजलेली मुले रुग्णालयात येतात. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांपैकी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

आता पाळणाघराशी बोलण्याविषयी. हे बोलणे मूल आजारी पडलेल्या सकाळी नऊ वाजता, रिक्षा थांबवून, दारात होते, आणि म्हणून ते बिघडते. प्रवेश घेतानाच विचारावे: कोणत्या लक्षणांवर मूल परत पाठवले जाते, ताप किती असला तर फोन येतो, आणि परत घेण्यासाठी नेमके काय हवे असते. औषध सुरू असल्याचा पुरावा मागितला जात असेल, तर त्याऐवजी "साधी सर्दी, अँटिबायोटिकची गरज नाही, मूल पाळणाघरात येऊ शकते" अशी डॉक्टरांची चिठ्ठी चालेल का, हे विचारावे. बहुतेक ताईंना चिठ्ठीच हवी असते. त्यात काय लिहिले आहे हा प्रश्न नंतरचा. चार पालकांनी मिळून एखाद्या शनिवारी बालरोगतज्ज्ञांना पाळणाघरात बोलावले, तर नियम बदलायला एक तास पुरतो. साबणाने हात धुणे, विशेषतः लंगोट बदलल्यानंतर आणि खाऊपूर्वी, प्रत्येकाचा रुमाल आणि पाण्याची बाटली वेगळी ठेवणे, खिडक्या उघड्या ठेवणे, यांनी जो फरक पडतो तो कोणत्याही बाटलीने पडत नाही. लसीकरणही पूर्ण असावे. न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत देतात.

रजेचा प्रश्न मात्र उपदेशाने सुटत नाही. आजारी मुलाची पहिली रजा आईनेच घ्यावी हे गृहीत धरले जाते. बाबांनी दुसऱ्या दिवसाची घेतली, तरी दवाखान्यातील मागणीचा सूर बदलतो. समाजाच्या महिला मंडळांत निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेल्या भगिनी असतात. त्यांपैकी काहींनी आपल्या भागातील दोन-तीन घरांसाठी, ज्या दिवशी मूल तापाने मलूल आहे पण आईला कामावर जाणे अटळ आहे अशा दिवशी सोबत बसण्याची तयारी दाखवली, तर ते औषधदानाइतकेच मोलाचे ठरेल.

औषधदानाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. धर्मार्थ दवाखान्यांत आणि शिबिरांत उरलेली औषधे आणून देण्याची चांगली प्रथा अनेक ठिकाणी आहे. पण मुलांच्या अँटिबायोटिकची उघडलेली बाटली त्यात देऊ नये. ही औषधे भुकटीच्या रूपात येतात, खुणेपर्यंत उकळून थंड केलेले पाणी घालून तयार करावी लागतात आणि एकदा पाणी घातले की वेष्टनावर सांगितलेले थोडेच दिवस, बहुधा पाच ते दहा, टिकतात. फ्रिजच्या दारात मागच्या महिन्याची बाटली "पुढच्या वेळी उपयोगी पडेल" म्हणून जपून ठेवणे, किंवा मोठ्या भावाची उरलेली धाकट्या बहिणीला देणे, यात मात्राही चुकते आणि औषधही मेलेले असते. औषध-विक्रेत्याकडून चिठ्ठीविना घेणे हा त्याचाच पुढचा टप्पा. मुलांना सर्रास दिले जाणारे सेफिक्झिम हे औषध एच-१ अनुसूचीत येते. १ मार्च २०१४ पासून अशा औषधांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करून डॉक्टर आणि रुग्ण यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवणे आणि ती वही तीन वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. वेष्टनावरील उभी लाल रेघ याच सावधगिरीची खूण. कोपऱ्यावरचे ओळखीचे दुकानदार, "घ्या हो भाभी, नेहमीचेच आहे" म्हणून बाटली पुढे करतात तेव्हा ती रेघ एकदा पाहावी आणि आधी डॉक्टरांना फोन करावा.